वंशावळीतील दत्तक : सातारा व सांगली

वंशावळ म्हणजे केवळ नावांची माळ नव्हे. वारसा कोणी व केव्हा मान्य केला, हेही तीवरून शोधावे लागते. सांगलीकर पटवर्धनांचे मूळ पुरुष हरभट हे कोकणातील कोतवड्याचे, इचलकरंजीकर घोरपड्यांचे कुलोपाध्याय. त्यांचे पुत्र गोविंद हरी यांजकडे मिरज आली. गोविंदरावांचे नातू चिंतामणराव यांनी १८०१ मध्ये चुलते गंगाधरराव यांच्यापासून विभक्त होऊन सांगलीस ठाणे केले. त्यांचे पुत्र धुंडिराज १९०१ मध्ये निपुत्रिक वारले. तरीही १९०३ मध्ये पटवर्धन कुळातीलच एक मुलगा चिंतामणराव या नावाने गादीवर आला आणि संस्थान १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत टिकले.

साताऱ्यास असे घडले नाही. शहाजी छत्रपतींनी १८४८ मध्ये मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक डलहौसीने नाकारला व राज्य खालसा झाले. धर्मशास्त्र दोन्ही ठिकाणी एकच होते. मधल्या काळात, १८५७ च्या उठावानंतर, इंग्रजांनी संस्थानिकांचा दत्तकाधिकार मान्य केला होता. सबब वंशावळीत दत्तकाच्या नावापुढे त्यास मान्यता मिळाल्याचे किंवा नाकारली गेल्याचे वर्षही नोंदविणे अगत्याचे आहे.