माणसाचा जीनोम सगळ्यांसाठी खुला कसा राहिला?

माणसाच्या जीनोममध्ये सुमारे ३ अब्ज डीएनए-अक्षरं असतात. ती आज कुणीही, कुठूनही, एक पैसा न देता वाचू शकतो. हे आपोआप घडलेलं नाही!

फेब्रुवारी १९९६ मध्ये बर्म्युडा बेटावर माणसाचा जीनोम वाचणाऱ्या सार्वजनिक प्रकल्पातले शास्त्रज्ञ जमले. ब्रिटनचे जॉन सल्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे एक धाडसी नियम मान्य करून घेतला: हजारभर अक्षरांचा सलग तुकडा जुळला, की शक्यतो २४ तासांत तो जाहीर करायचा. शोधनिबंध छापून येईपर्यंत थांबायचं नाही. विज्ञानात तोवर ही सर्रास रीत नव्हती.

१९९८ मध्ये क्रेग व्हेंटर यांची सेलेरा कंपनी शर्यतीत उतरली. तिला ही माहिती वर्गणी घेऊन विकायची होती, काही जनुकांवर पेटंटही हवी होती. सार्वजनिक प्रकल्पाकडे तुकडे होते, पण ते जोडणारा प्रोग्राम नव्हता.

तो लिहिला कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या विद्यापीठातला संशोधक विद्यार्थी जिम केंट यानं, अवघ्या चार आठवड्यांत. शंभरेक साध्या संगणकांवर २२ जून २००० रोजी पहिली जुळणी पूर्ण झाली आणि ७ जुलैला ती इंटरनेटवर सर्वांसाठी खुली झाली. एका विद्यार्थ्यानं जगावर केलेला हा केवढा मोठा उपकार!

त्याच विद्यापीठाचा ‘जीनोम ब्राउझर’ आजही मोफत आहे. त्यात ‘बीआरसीए१’ हे स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित जनुकाचं नाव टाकलं, की सतराव्या गुणसूत्रावरची त्याची जागा लगेच समोर येते. हौशी वाचकांनी जरूर करून पाहावं.