सँडी ब्रिज की आयव्ही ब्रिज? ओव्हरक्लॉक करण्याआधी

लॅबमधल्या जुन्या मदरबोर्डवर सेकंड हँड प्रोसेसर बसवून सिम्युलेशन फास्ट करायचंय, मग कोणता घ्यावा? "नवा तो चांगला" एवढं उत्तर इथे पुरत नाही.

इंटेलचा सँडी ब्रिज (आय७-२६००के, २०११) ३२ नॅनोमीटरचा, तर आयव्ही ब्रिज (आय७-३७७०के, २०१२) २२ नॅनोमीटरचा. सॉकेट दोघांचं एकच, एलजीए ११५५. त्याच क्लॉकला आयव्ही थोडं जास्त काम करतो, आणि टीडीपी ९५ वॉटवरून ७७ वर आलाय. मग अडचण कुठे? सँडीमध्ये चिप आणि वरचं धातूचं झाकण सोल्डरने जोडलेलं असतं, आयव्हीमध्ये तिथे थर्मल पेस्ट आहे. शिवाय चिप लहान. त्यामुळे क्लॉक वाढवला की आयव्ही लवकर तापतो.

आता गणित बघा. पॉवर साधारणपणे क्लॉक गुणिले व्होल्टेजचा वर्ग या प्रमाणात वाढते. समजा, ३.५ चे ४.५ गिगाहर्ट्झ करताना व्होल्टेज १.२ वरून १.३५ करावं लागलं. क्लॉक वाढला २९ टक्के, पॉवर मात्र सुमारे ६३ टक्के!

म्हणून माझं मत: क्लॉक थोडाच वाढवणार असाल तर आयव्ही, खूप ताणणार असाल तर सँडी.

पण एक लक्षात ठेवा. मशीन हँग झालं तर निदान कळतं. चुकीचा आकडा गुपचूप फाईलमध्ये गेला, तर तो थेट थिसिसमध्ये पोचतो. त्यामुळे सीड तोच ठेवून एक रन मूळ क्लॉकवर आणि एक वाढवलेल्या क्लॉकवर करा. आउटपुट जुळलं नाही, तर क्लॉक खाली आणा. डेडलाईन कितीही जवळ असली तरी.