मातीचा कायदा आणि माळरानाचा सातबारा

शेतजमिनीच्या मातीसाठी आणखी कायदे हवेत काय, हा वाद आता जगभर चालू आहे. युरोपीय संघात २००६ साली मांडलेला मातीचा कायदा बड्या देशांच्या विरोधामुळे रखडला, २०१४ साली मागे घेतला गेला आणि २०२५ साली मातीच्या देखरेखीचा वेगळाच कायदा मंजूर झाला. आमचे उत्तर सरळ आहे. कायदे हवेत, पण ते कुणाला आवरणार, हे आधी सांगा.

खानदेशाकडे पाहा. जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल, चोपडा भागातील तापीकाठची खोल काळी जमीन केळीच्या बागा पोसते. धुळे जिल्ह्यातील साक्रीच्या डोंगराळ पट्ट्यात मात्र कुदळ वीतभरात मुरुमाला लागते. गावोगावी आमच्या माणसांच्या वाट्याला यातली कोणती माती आली, हे सांगायला कृषी विद्यापीठाचा तज्ज्ञ नको. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले. त्यानंतर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. ती जमीन चराईची, उताराची, दगडगोट्यांची. २००४ साली दादासाहेबांच्याच नावाने सबळीकरण योजना आली: भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. पण ही जमीन सरकारने मालकांकडून विकत घ्यायची. सरकारी भावात तापीकाठची काळी जमीन कोण विकणार?

आता मातीच्या तपासणीचे पाहू. २०१५ साली मृदा आरोग्य पत्रिका आली. तिच्या नियमानुसार बागायतीत अडीच हेक्टरला एक नमुना आणि कोरडवाहूत दहा हेक्टरला एक. दहा हेक्टर म्हणजे सुमारे पंचवीस एकर! या पंचवीस एकरांत शेजाऱ्याची भारी जमीन आली आणि आमच्या माणसाचे चार एकर खडकाळ आले, तरी पत्रिका दोघांना एकच. तिच्यावर लिहिलेली खताची मात्रा मग कुणाच्या मातीसाठी? ज्याची माती सर्वांत दुबळी, त्याचीच तपासणी सर्वांत ढोबळ. गावकुसाबाहेरच्या वस्तीची आठवण आम्हाला इथे झाली, तर कुणी रागावू नये.

वीटभट्ट्यांची गोष्ट आणखी बोलकी आहे. शेताचा वरचा थर काढून भट्टीला जातो, तेव्हा महसूल खात्याच्या लेखी ती माती नव्हे, गौण खनिज असते. मोजमाप ब्रासमध्ये, वसुली स्वामित्वधनाची. विनापरवाना उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. म्हणजे नियम नाहीत असे म्हणता येणार नाही. पण त्या थरातला कस कोणत्याही नोंदवहीत चढत नाही. दंड सरकारी तिजोरीत जातो आणि खड्डा शेतात राहतो. विटा पाडणारे मजूर कोण असतात, ते वाचकांना ठाऊक आहे.

गाळाचेही तेच. धरणातला गाळ शेतात टाकण्याच्या योजनेत २०२३ पासून अल्प व अत्यल्पभूधारकांना एकरी पंधरा हजारांपर्यंत अनुदान ठरले. योजना चांगली आहे, आम्ही नाकारत नाही. मात्र गायरान कसूनही ज्याचे नाव सातबाऱ्यावर चढले नाही, तो सरकारच्या हिशेबात अल्पभूधारकसुद्धा ठरत नाही. त्याच्या मुरुमाला काळ्या गाळाची गरज सर्वांत जास्त.

बाबासाहेबांनी १९४७ साली ‘राज्य आणि अल्पसंख्याक’ मध्ये शेती हा राज्याचा उद्योग करावा आणि जमीन जातपात न पाहता कसायला द्यावी, अशी मांडणी केली होती. जमीन राज्याची, तर तिचा कस राखण्याची जबाबदारीही राज्याची. ती मांडणी घटनेत उतरली नाही. माती खासगी राहिली आणि तिची झीज गरिबाच्या खाती पडली.

म्हणून नवा कायदा करायचाच असेल, तर वरचा थर उचलणाऱ्या ठेकेदाराला तो थर परत भरायला लावा. गायरानधारकाच्या प्रत्येक तुकड्याचा स्वतंत्र नमुना घ्या, बांधबंदिस्ती सरकारी खर्चाने करा आणि त्याआधी त्याचा सातबारा त्याच्या हाती द्या. चार एकरवाल्यावर नवे निर्बंध लादायला तलाठी धावत येणार असेल, तर त्याच तलाठ्याकडे तीस-पस्तीस वर्षे अडकलेले गायरानाचे अर्ज आम्ही आधी मागू.