नाटक कच्चं असताना

वॉटरफर्ड (कनेटिकट), अमेरिका

न्यूयॉर्कहून बोस्टनकडे जाणारी रेल्वे अडीच-तीन तासांत न्यू लंडनला पोचवते. तिथून मोटारीने थोडं पुढे गेलं की समुद्रकाठी वॉटरफर्ड हे छोटं गाव लागतं. एक जुना वाडा, काही लाकडी कोठारं, पाण्याकडे उतरत जाणारी हिरवळ आणि मोठाली झाडं. अमेरिकेतल्या नव्या नाटकाचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास लिहायचा तर या आवारात यावंच लागतं. हे यूजीन ओनील थिएटर सेंटर.

नाटककार ओनीलच्या लहानपणचे उन्हाळे शेजारच्या न्यू लंडनमध्ये, माँटे क्रिस्टो कॉटेज या घरात गेले. वडील नट होते, वर्षभर दौऱ्यावर असायचे. ‘लाँग डेज जर्नी इनटू नाइट’ या त्याच्या नाटकाची सगळी घुसमट त्याच घरातली आहे. वॉटरफर्डचा हा वाडा मूळचा हॅमंड कुटुंबाचा. 1960 च्या दशकात तो ओस पडला होता आणि अग्निशमन दलाच्या सरावासाठी जाळून टाकायचं घाटत होतं. जॉर्ज व्हाइट या तरुण रंगकर्मीने तो वाचवला, 1964 मध्ये संस्था स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी इथे नाटककारांची पहिली ‘नॅशनल प्लेराइट्स कॉन्फरन्स’ भरली. नावावरून भाषणं आणि ठराव डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात नाटककार इथे मुक्कामाला येतात आणि आपल्या अपुऱ्या नाटकावर काम करतात.

अमेरिकेतल्या नाट्यव्यवसायाची घडण पाहिली की याची गरज कळते. सरकारी मदत अगदी थोडी. ब्रॉडवेवर नाटक आणायचं तर गुंतवणूकदार जमवावे लागतात, आणि अनोळखी लेखकावर पैसे लावायला सहसा कुणी धजत नाही. पूर्वी नाटक न्यूयॉर्कला नेण्याआधी न्यू हेवन, बोस्टन अशा शहरांत त्याचे प्रयोग करून पाहत. प्रयोग संपला की लेखक हॉटेलच्या खोलीत रात्रभर अंक बदलत बसायचा. पण तोवर नेपथ्य उभं, वेशभूषा शिवून तयार, नटांचे पगार चालू. अशा वेळी लेखकाच्या हातून जे होतं ती डागडुजी असते. नाटकाचा गाभाच चुकला असेल तर तो तिथे सापडत नाही. वॉटरफर्डने दुरुस्तीचा हा काळ धंद्यापासून वेगळा काढला. मला या संस्थेचं सर्वांत मोठं कर्तृत्व हेच वाटतं.

इथे नाटक पाठवायला एजंट लागत नाही. संहितांचा ढीग येतो आणि त्यातून मोजक्याच निवडल्या जातात. निवडलेला नाटककार उन्हाळ्यात इथे राहतो. त्याला दिग्दर्शक मिळतो, व्यावसायिक नट मिळतात, आणि ‘ड्रामाटर्ग’ नावाचा एक सोबती मिळतो. हा संहितेशी बांधलेला माणूस. तो सुचवत कमी आणि विचारत जास्त असतो : ही बाई दुसऱ्या अंकात गप्प का आहे? हे तिला आधीच ठाऊक होतं का? ‘न्यूयॉर्कर’च्या समीक्षक ईडिथ ऑलिव्हर यांनी हे काम इथे वर्षानुवर्षं केलं, आणि इथल्या खुल्या रंगमंचाला आज त्यांचं नाव आहे.

तालमी चार-पाच दिवसांच्या. मग प्रेक्षकांपुढे वाचन. नट उभे राहून, हालचालींसह वाचतात, पण संहिता हातातच ठेवतात. या नियमात फार शहाणपण आहे. पाठांतर झालं की नट शब्दांना चिकटतो आणि लेखकाला बदल सुचवायचा संकोच वाटू लागतो. कागद हातात असला तर दुपारी लिहिलेलं पान संध्याकाळी वाचता येतं. नेपथ्य नावापुरतं. एका वाचनानंतर पुन्हा लिहायला उसंत मिळते, मग त्याच नाटकाचं दुसरं वाचन. वृत्तपत्रांनी त्यावर परीक्षण लिहायचं नाही, हा इथला जुना संकेत आहे. प्रेक्षकांत गावातली म्हातारी माणसं असतात, शिकाऊ मुलं असतात. ती कुठे अस्वस्थ होतात, कुठे हसतात, हे लेखक मागच्या रांगेत बसून ऐकत असतो.

हे सगळं घडवलं लॉइड रिचर्ड्स यांनी. लोरेन हॅन्सबेरीचं ‘अ रेझिन इन द सन’ 1959 मध्ये ब्रॉडवेवर बसवणारा हा कृष्णवर्णीय दिग्दर्शक 1968 पासून तीन दशकं या परिषदेचा सूत्रधार होता. सेंट पॉलमध्ये राहणारा आणि एका सेवाभावी संस्थेच्या स्वयंपाकघरात काम करणारा ऑगस्ट विल्सन नावाचा कवी इथे नाटकं पाठवत होता आणि ती परत येत होती. दरम्यान मिनिआपोलिसच्या प्लेराइट्स सेंटरने त्याला शिष्यवृत्ती दिली. 1982 मध्ये त्याचं ‘मा रेनीज ब्लॅक बॉटम’ इथे निवडलं गेलं. दोन वर्षांत ते येल विद्यापीठाच्या रेपर्टरी नाट्यगृहामार्गे ब्रॉडवेवर पोचलं. ‘मा रेनीज’च्या निवडीनंतरच्या पुढच्याच उन्हाळ्यात तो ‘फेन्सेस’ घेऊन आला. वाचन चार तासांहून लांबलं. पुढच्या पुनर्लेखनांत नाटक आटोपशीर होत गेलं. त्याच नाटकाला 1987 चं पुलित्झर मिळालं. बहुतेक पिट्सबर्गमध्ये घडणाऱ्या दहा नाटकांत कृष्णवर्णीयांचं शतक मांडणाऱ्या या लेखकाला नाटकाची बांधणी कळली ती बऱ्याच अंशी या आवारात.

हक्कांची रचनाही इथे नाटककाराच्या बाजूने आहे. याच देशात चित्रपट-मालिकांचा लेखक आपला स्वामित्वहक्क स्टुडिओला विकतो. नाटककार तो स्वतःकडे ठेवतो, आणि त्याच्या परवानगीशिवाय संहितेतला शब्द बदलता येत नाही. म्हणून इथल्या चर्चेत कितीही सूचना आल्या तरी शेवटचा निर्णय लेखकाचा. तो पैशाने गरीब राहतो, पण मालक राहतो.

या पद्धतीवर टीकाही होते, आणि ती रास्त आहे. देशभर अशी वाचनं इतकी वाढली आहेत की एकेक नाटक या शिबिरातून त्या शिबिरात वर्षानुवर्षं फिरतं आणि त्याचा प्रयोग काही होत नाही. नाट्यगृहांना वाचन स्वस्त पडतं, नाटक उभं करणं परवडत नाही. शिवाय बारा जणांच्या सूचना ऐकून एखादं धारदार नाटक गुळगुळीत होण्याचा धोका असतोच. रिचर्ड्स यांच्याकडे येलचं नाट्यगृह होतं, वॉटरफर्डपासून तासाभराच्या अंतरावर. वाचनानंतर नाटकाला जायला घर होतं. ते नसेल तर हा सगळा खटाटोप अर्धा राहतो.

मराठी रंगभूमीला ही कल्पना परकी नाही. पुण्याच्या थिएटर अकॅडमीने सतीश आळेकरांच्या पुढाकाराने, फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने, 1985 ते 1994 या काळात नाटककारांसाठी आणि गावोगावच्या नाट्यसंस्थांसाठी विकास योजना राबवली होती. मुंबईत ‘रेज’ या नाट्यसंस्थेने लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरला सोबत घेऊन लेखकांच्या कार्यशाळा घेतल्या. पण आपल्या तरुण लेखकाची पहिली गाठ आजही बहुधा एकांकिका स्पर्धेच्या परीक्षकाशी पडते. वेळ मोजलेली, निकाल त्याच दिवशी. स्पर्धांनी आपल्याला मोठे लेखक दिले, हे मी मनापासून मानतो. पण तिथे नाटक पक्कं करूनच न्यावं लागतं.

म्हणून ज्यांच्या हाती नाट्यगृहाच्या तारखा आहेत त्यांना विनंती : वर्षातले दहा दिवस एका नव्या लेखकासाठी राखून ठेवा. चार अनुभवी नटांना मानधन द्या, संहिता त्यांच्या हातात राहू द्या, बक्षीस ठेवू नका. आणि त्यातलं एक नाटक पुढच्या हंगामात खरोखर रंगमंचावर आणू, असा शब्द त्या लेखकाला आधीच द्या.