फोटोतून काच जाते, पिंजरा जात नाही

प्राणिसंग्रहालयात गेलो की आपण आधी मोबाइल काढतो. काचेला टेकवून फोटो घेतला की काच दिसत नाही, बिबट्या जंगलात बसल्यासारखा वाटतो. पण तो असतो पिंजऱ्यातच.

एकाच जागी सारख्या येरझारा घालणारा, मान हलवत राहणारा प्राणी नाचत नसतो. कोंडून राहिल्याने त्याला ती सवय जडलेली असते. म्हणून फ्लॅश बंद ठेवू, काच वाजवू नये, खाऊ टाकू नये. प्राण्याला डिवचणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

मग त्यांना ठेवतात कशाला? काही जखमी असतात, काही लहानपणीच आईपासून तुटलेले. त्यांना शिकार जमत नाही. जुन्नरजवळ माणिकडोहच्या केंद्रात असे बिबटे सांभाळतात.

ही ताटातूट कधी कधी आपल्याच हातून होते. ऊसतोडीत बछडी सापडली की आपण उचलतो, फोटोसाठी या हातातून त्या हातात देतो. आई बहुधा जवळच असते. अशा वेळी बछड्याला हात न लावता सगळ्यांनी लांब व्हावे आणि वनविभागाला १९२६ वर कळवावे. त्यांची माणसे बछडे त्याच शेतात ठेवतात. रात्री पुष्कळदा आई येऊन घेऊन जाते. नाही तर त्याचा जन्म पिंजऱ्यात जातो.

आणि आपल्या ओसरीवरचा पोपट? तो पाळणेही गुन्हाच. पण एकदम सोडूनही देऊ नका, पिंजऱ्यातल्याला बाहेर जगता येत नाही. त्यासाठीही वनविभागालाच विचारू.