ठोकळ्यांचीं आकाशयानें

लहान मूल बसावयास लागलें कीं त्याच्या हातांत ठोकळे येतात. एकावर एक रचावयाचे, मनोरा झाला कीं हातानें पाडावयाचा आणि पुन्हां रचावयाचा, हा खेळ सर्व देशांतील मुलें सारख्याच आनंदानें खेळतात. परंतु तसलेच ठोकळे घेऊन चाळिशी-पन्नाशीचे गृहस्थ मध्यरात्रीपर्यंत जागतात, जें यान कोणीं बांधलें नाहीं व कदाचित् कधीं बांधलें जाणारहि नाहीं त्याची प्रतिकृति रचतात आणि ती स्पर्धेसाठीं परीक्षकांपुढें ठेवतात, असें सांगितलें तर पुष्कळांना तें खरें वाटणार नाहीं. युरोप-अमेरिकेंत अशा स्पर्धा आज नित्याच्या झाल्या आहेत. त्यांची अट वरवर पाहतां सोपी असते. यान कल्पित असावें आणि तें स्वतःचें असावें. या दुसऱ्या अटींतच सारी मेख आहे. कारण ज्या ठोकळ्यांनीं हीं यानें बांधावयाचीं, त्या ठोकळ्याचेंच कूळ शोधूं गेलें तर 'स्वतःचें' या शब्दाचा अर्थ ठरविणें कठीण होऊन बसतें.

डेन्मार्क देशांत बिलुंड या खेड्यांत ओले कर्क क्रिस्टियन्सेन नांवाचा एक सुतार होता. मंदीच्या दिवसांत घरबांधणीचीं कामें मिळेनाशीं झालीं, तेव्हां १९३२ मध्यें त्यानें लांकडी खेळणीं करावयास आरंभ केला. पुढें त्यानें आपल्या धंद्यास 'लेगो' हें नांव दिलें; 'छान खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांचीं आरंभींचीं अक्षरें जोडून तें झालें आहे. दुसरें महायुद्ध संपल्यावर त्यानें प्लॅस्टिक ओतण्याचें एक यंत्र विकत घेतलें. त्याच सुमारास त्याच्या हातीं एक पोकळ ठोकळा नमुना म्हणून आला. त्याच्या माथ्यावर गुंडीसारखे उंचवटे होते, व ते वरच्या ठोकळ्याच्या पोकळींत घट्ट बसत. हा ठोकळा हिलरी फिशर पेज या इंग्लिश गृहस्थानें योजिला होता, व 'किडिक्राफ्ट' या नांवानें तो त्याचीं खेळणीं विकीत असे. क्रिस्टियन्सेन पितापुत्रांनीं मापें थोडीं बदलून १९४९ मध्यें आपला ठोकळा बाजारांत आणला. पेज १९५७ मध्यें वारला. लेगो कंपनीनें किडिक्राफ्टच्या ठोकळ्याचे हक्क विकत घेतले ते १९८१ मध्यें.

एवढ्यावरून डेन्मार्कच्या ठोकळ्यास केवळ नक्कल म्हणून बाजूस सारणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. पहिल्या ठोकळ्यांत एक मोठा दोष होता. आंत पोकळी असल्यामुळें गुंड्या फक्त कडेच्या भिंतींना चिकटत, आणि रचलेलें घर उचललें कीं सुटून येई. सुताराचा मुलगा गॉटफ्रेड यानें यावर उपाय काढला. त्यानें पोकळींत उभ्या नळ्या बसविल्या. आठ गुंड्यांच्या ठोकळ्याच्या पोटांत अशा तीन नळ्या असतात. त्यांच्यामुळें खालची प्रत्येक गुंडी भिंत व नळी यांच्या चिमट्यांत सांपडते. या युक्तीच्या पेटंटचा अर्ज २८ जानेवारी १९५८ रोजीं झाला, आणि त्या वर्षींच्या ठोकळ्यावर आजचा ठोकळा अद्यापहि बसतो. सांचे मिलिमीटरच्या सुमारें एका शतांशाच्या आंत अचूक ठेवावे लागतात, तेव्हां कुठें हें साधतें.

'स्वतःचें' म्हणजे काय, हा प्रश्न पुढें प्रत्यक्ष न्यायासनापुढेंहि गेला. टायको या अमेरिकन कंपनीनें तसलेच ठोकळे काढले, आणि हाँगकाँगमध्यें सुरू झालेला त्यांचा दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोंचला. लेगो कंपनीचें म्हणणें असें कीं, ठोकळ्याचे जुने नकाशे आम्हीं कांहीं मापें बदलून नव्यानें काढले आहेत; सबब ते नवे नकाशे आमची स्वतंत्र कृति मानावी. १९८८ मध्यें निकाल झाला तो या म्हणण्याच्या विरुद्ध झाला. नक्कल करण्यास कितीहि कौशल्य व श्रम लागले, तरी तेवढ्यानें नक्कल ही मूळ कृति होत नाहीं, असें न्यायाधीशांनीं ठरविलें. चित्रपटांतील एखादें प्रसिद्ध यान हजारों ठोकळ्यांनीं हुबेहूब उठविणाऱ्या स्पर्धकास हा निकाल वाचावयास द्यावा. त्याचे श्रम खरे, कौशल्यहि खरें. परंतु स्पर्धेनें मागितलेली वस्तु ती नव्हे.

मग नवें तें कोठून आणावें? सामग्री तर सर्वांस एकच मिळालेली असते. तथापि या सामग्रीची श्रीमंति वाटते त्याहून फार मोठी आहे. आठ गुंड्यांचे, एकाच रंगाचे दोन ठोकळे घेतले तर ते २४ तऱ्हांनीं जोडतां येतात. तीन घेतले तर १,०६० तऱ्हा होतात. सहा ठोकळ्यांच्या जोडण्यांचा आंकडा कंपनी पुष्कळ वर्षें १० कोटी २९ लक्ष ८१ हजार ५०० असा सांगत असे. कोपनहेगन विद्यापीठांतील गणितज्ञ सोरेन आयलर्स यांच्या लक्षांत आलें कीं, ही गणना केवळ सहा मजली मनोऱ्यांची आहे. ठोकळे शेजारीं-शेजारींहि बसतात, त्याचा हिशेब यांत नाहींच. संगणकाच्या साह्यानें मोजणी झाली तेव्हां खरा आंकडा ९१ कोटी ५१ लक्ष ३ हजार ७६५ निघाला. हे फक्त सहा ठोकळे झाले. स्पर्धेंतील यानास हजारों लागतात.

परंतु संख्या म्हणजे रूप नव्हे. ठोकळा हा जात्याच चौकोनी व पायऱ्यापायऱ्यांचा. त्याचें घर सहज होतें, पण यानाची निमुळती, गुळगुळीत पाठ त्याच्यांतून काढणें अवघड. येथें जाणते लोक ठोकळा आडवा करतात. गुंड्या वर न ठेवतां कडेला, पुढें किंवा खालीं वळवितात. आडव्या ठोकळ्याचें माप उभ्या ठोकळ्याशीं जुळावयास कांहीं हिशेब लागतो, आणि तो हिशेब मोठा गमतीचा आहे. दोन शेजारच्या गुंड्यांच्या मध्यांतील अंतर ८ मिलिमीटर असतें. ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर, आणि ज्यास प्लेट म्हणतात त्या चपट्या तुकड्याची उंची ठोकळ्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकी, म्हणजे ३.२ मिलिमीटर. आतां पांच प्लेटा एकावर एक ठेवल्या तर १६ मिलिमीटर होतात, आणि दोन गुंड्यांची रुंदीहि १६ मिलिमीटरच. म्हणजे पांच प्लेटांची चवड आडवी केली कीं ती दोन गुंड्यांच्या जागेंत नेमकी बसते. हें एक कोष्टक ज्याच्या बोटांत मुरलें, त्यास ठोकळ्याच्या पायऱ्या लपवितां येतात. ज्यास तें ठाऊक नाहीं, त्याच्या यानास कोठेंतरी अर्ध्या मिलिमीटरची फट राहते, आणि परीक्षकाची दृष्टि नेमकी तेथेंच जाते.

एक मोह मात्र टाळावा लागतो. गुंडीचा व्यास ४.८ मिलिमीटर असल्यानें दोन गुंड्यांमध्यें ३.२ मिलिमीटरची जागा उरते. प्लेटची जाडीहि तेवढीच. तेव्हां प्लेट उभी धरून त्या फटींत दाबून बसविण्याची युक्ति कोणासहि सुचते. ती बसतेहि, परंतु प्लॅस्टिकवर कायमचा ताण राहतो. कारखान्यांतील रचनाकार असली जोडणी वर्ज्य मानतात. पुष्कळशा स्पर्धांत कापणें, डिंक लावणें व रंग देणेंहि वर्ज्य असतें. प्रदर्शनाचें टेबल कोणी धक्का देऊन हालविलें तरी यान उभें राहिलें पाहिजे, व काम झाल्यावर त्याचे सारे ठोकळे पूर्वीप्रमाणें सुटे झाले पाहिजेत, ही त्यामागची दृष्टि आहे.

या छंदाच्या लोकांत सप्टेंबर महिन्याचें एक व्रत आहे. त्या महिन्यांत प्रत्येकानें निदान १०० गुंड्या लांबीचें आकाशयान पुरें करावयाचें. १०० गुंड्या म्हणजे ८० सेंटिमीटर. जहाज या अर्थाचा इंग्रजी शब्द सप्टेंबरशीं जोडून त्यांनीं या व्रतास 'शिपटेंबर' असें नांव ठेविलें आहे. आरंभींचे आठ दिवस उत्साहांत जातात. पुढें बहुतेकांस एकच संकट गांठतें. मध्यभागीं हातांत धरून यान उचललें कीं दोन्हीं टोकें आपल्या भारानें खालीं झुकतात, आणि जेथें जोड कच्चा असेल तेथें तें मोडतें. नुसत्या गुंड्यांच्या पकडीवर एवढी लांबी तगत नाहीं. घराला जशी तुळई, तसा यानाला कणा लागतो. १९७७ पासून निघालेल्या यांत्रिक संचांतील भोकांच्या पट्ट्या व त्यांतून आरपार जाणाऱ्या खुंट्या येथें कामीं येतात. त्यांचा सांगाडा आधीं करावा, त्यास दोन्हीं टोकांनीं धरून उचलून पाहावें, आणि मगच त्यावर कातडें चढवावें. जे आधीं सुंदर नाक घडवितात व कण्याचा विचार तिसऱ्या आठवड्यांत करतात, ते महिन्याच्या अखेरीस जमिनीवर तुकडे वेंचीत बसतात.

यान केवढें दिसावें हा आणखी एक विचार. संचांतील बाहुला सुमारें ४ सेंटिमीटर उंच असतो. तो माणूस मानला, तर ८० सेंटिमीटरचें यान सुमारें ३४ मीटर लांब ठरतें. म्हणजे एखाद्या विमानाएवढें. परंतु बाहुला बाजूस ठेवून एका प्लेटची जाडी म्हणजे एक मजला असें ठरविलें, आणि मजला ३ मीटरचा धरला, तर तेंच यान ७५० मीटरांचें होतें. टेबलावरील वस्तु तेवढीच, पण पाहणाराच्या मनांत ती एखाद्या नगराएवढी वाढते. ही वाढ बारीक तपशिलानें साधते. १९६८ मधील '२००१: ए स्पेस ओडिसी' व १९७७ मधील 'स्टार वॉर्स' या चित्रपटांचे प्रतिकृतिकार बाजारांत मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या संचांतील तुकडे काढून यानांच्या पाठीवर चिकटवीत. त्या तुकड्यांचा उपयोग काय, हें कोणास ठाऊक नसे, पण त्यांच्यामुळें यान प्रचंड भासे. ठोकळेवाल्यांनीं ही युक्ति उचलली. बाहुल्याची दुर्बीण, पायांतील बर्फावरच्या पट्ट्या, दारूचें पिंप, उलटें ठेवलेलें चाक यांचीं इंजिनें, नळ व तोटे होतात. परंतु जेथेंतेथें हा खडबडीतपणा पसरला कीं डोळ्यास विसांवा राहत नाहीं. मोठी सपाट पाठ आणि तीमध्यें एखादीच गजबजलेली भेग, हें प्रमाण ज्यास साधलें त्याचें यान मोठें दिसतें.

या खेळाचें वेड वयस्क माणसांना कां, याचें उत्तर बऱ्याच अंशीं १९७८ सालांत आहे. त्या वर्षीं कंपनीनें आकाशयानांचे नवे संच काढले. पांढऱ्या व तांबड्या पोषाखांतले अंतराळवीर, निळें-करडें यान, पिवळ्या पारदर्शक कांचा, आणि शस्त्र एकहि नाहीं. या मालेंतील 'गॅलॅक्सी एक्स्प्लोरर' हें मोठें यान ज्यांना बालपणीं मिळालें, किंवा शेजारच्या मुलास मिळालेलें नुसतें पाहावें लागलें, ते आज पन्नाशींत आहेत. त्यांच्या हातून त्याच निळ्या-करड्या रंगांतलीं यानें अद्याप बांधलीं जातात. यास नक्कल म्हणावें काय? मोरोपंतांनीं रामायणें शंभरावर रचलीं. कथा तीच, आणि ती वाल्मीकींची. पण 'निरोष्ठ रामायणां'त एकहि ओष्ठ्य वर्ण येऊं द्यावयाचा नाहीं हें बंधन त्यांनीं स्वतःवर घालून घेतलें, आणि त्या बंधनांतून जी रचना निघाली ती मोरोपंतांचीच. ठरलेल्या रंगांत, ठरलेल्या आकारांत काम करणारा यानकार हाच मार्ग धरतो. रूढ घाट घ्यावा, पण दुसऱ्याची जोडणी घेऊं नये, एवढा भेद बहुतेक परीक्षक जाणतात. पीटर रीड या इंग्लिश यानकारानें जुन्याच अंतराळवीरांसाठीं अंगावर चढवावयाचें एक यांत्रिक कवच योजिलें. दहा हजार लोकांचा पाठिंबा मिळेल त्या कल्पनेचा विचार करावयाचा, अशी कंपनीची एक योजना आहे. तींतून निवड होऊन तें कवच २०१४ मध्यें बाजारांत आलें. अशा रचनाकारास निव्वळ विक्रीच्या शेंकडा एक हिस्सा मिळतो.

नांवाचा प्रभाव परीक्षकांवर पडूं नये, हीहि एक अडचण आहे. जुन्या वाकबगार हाताचें यान छायाचित्रांतहि ओळखूं येतें. महाराष्ट्रांत याचें एक उत्तम उदाहरण झालें आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा-स्पर्धेस १९७४ मध्यें 'कृष्णविवर' ही कथा आली, ती नारायण विनायक जगताप या नांवानें. तिला पहिलें पारितोषिक मिळालें, आणि हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर हें मागाहून कळलें. आपल्याच आद्याक्षरांचा क्रम त्यांनीं उलटा केला होता. ठोकळ्यांच्या स्पर्धेंत टोपण नांव घेतां येतें, पण हाताची धाटणी लपवितां येत नाहीं.

निकाल लागला, छायाचित्रें झालीं, कीं बहुतेक यानें मोडलीं जातात. दुसऱ्या यानास ठोकळे हवे असतात आणि घरांत जागा नसते. मोडल्यावर ते रंगवार लावावे असें नवख्यास वाटतें, व तसें करून तो पुढें पस्तावतो. तांबड्या ढिगांत एखादा लहानसा तांबडा तुकडा डोळ्यास दिसतच नाहीं. एका आकाराचा ढीग केला, तर त्यांतला तांबडा तुकडा तत्काळ उठून दिसतो. म्हणून आकारवार डबे करावे, आणि नळ्यांचे, खुंट्यांचे व दुर्बिणींचे डबे सर्वांत जवळ ठेवावे.