बाबेलचा बुरूज : नऊ वचनं आणि एक अर्धवट साइट

सिव्हिलवाल्यांनो, आज तुम्हाला एक साइट दाखवते. खाली बंदरात जहाजांतून माल उतरतोय, वीटभट्ट्या पेटल्या आहेत, पाथरवट दगड घडवताहेत. वर मोठमोठ्या चाकांच्या आत माणसं चालताहेत आणि त्या चाकांच्या जोरावर क्रेनने दगड उचलला जातोय. सगळेच कामात आहेत, कोणी आळशी नाही. तरीही आपल्यापैकी कोणीही हे काम पहिल्याच दिवशी बंद पाडलं असतं!

ही साइट एका चित्रात आहे. पीटर ब्रूगेल या फ्लेमिश चित्रकाराने १५६३ साली लाकडी फळीवर तैलरंगात काढलेला 'बाबेलचा बुरूज'. आज तो व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये आहे. बायबल आणि चित्रकला म्हटलं की आपल्याला 'लास्ट सपर' आठवतं. पण इंजिनिअरिंग कॉलेजच्या मासिकात लिहायचं, तर याच्याइतकं आपलं चित्र दुसरं नाही.

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांना ही गोष्ट माहीत असेल. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, म्हणजे उत्पत्तीच्या ११ व्या अध्यायात, ती फक्त नऊ वचनांत संपते. सगळ्या पृथ्वीवर एकच भाषा होती. लोक शिनारच्या मैदानात स्थायिक झाले आणि आपलं नाव व्हावं म्हणून एक शहर आणि आकाशाला भिडणारा बुरूज बांधायला लागले. दगडाऐवजी भाजलेल्या विटा, चुन्याऐवजी डांबर. देवाने ते पाहिलं, त्यांच्या भाषेत गोंधळ केला, कोणाचं कोणाला कळेना. लोक पांगले आणि बांधकाम थांबलं. बस्स!

आता गंमत बघा. मटेरियल दिलंय, पण बुरुजाचा आकार दिलेला नाही. उंची नाही, मजले नाहीत. आणि बुरूज कोसळला असं आपण समजतो, तेही या वचनांत कुठेच नाही. मजकूर जिथे गप्प बसतो, तिथे चित्रकाराचं काम सुरू होतं. मध्ययुगातल्या चित्रकारांनी आपल्या गावात दिसतात तसे चौकोनी मनोरे काढले. कॉर्नेलिस अँथनीझ याने १५४७ च्या आपल्या चित्रात बुरूज चक्क कोसळताना दाखवला.

ब्रूगेलने वेगळंच केलं. तो १५५० च्या दशकात इटलीला जाऊन आला होता. रोमच्या कलोसियमच्या कमानी त्याने उचलल्या, बुरूज गोल केला आणि त्याभोवती वर चढत जाणारा सर्पिलाकार रस्ता फिरवला. वरवर भक्कम वाटतं. पण नीट पाहा, एकही मजला लेव्हलमध्ये नाही! कमानी ओळंब्यात उभ्या करण्याऐवजी चढत्या रस्त्याला काटकोनात उभ्या केल्या आहेत, त्यामुळे सगळा बुरूजच कललेला दिसतो. काही कमानी आत्ताच ढासळू लागल्या आहेत. खालचे मजले अर्धवट आणि वरचा भाग मात्र ढगांत पोचलाय. देव किंवा देवदूत चित्रात कुठेच नाही. काम का फसणार, याचं कारण ब्रूगेलने बांधकामातच दाखवून ठेवलंय.

हे चित्र ज्या काळातलं आहे, त्या काळात अँटवर्प हे मोठं व्यापारी बंदर होतं. देशोदेशीचे व्यापारी, नाना भाषा. याच शहरात प्लांटिन नावाच्या मुद्रकाने १५६८ ते १५७२ या काळात बायबल पाच भाषांत शेजारी शेजारी छापलं. म्हणजे बाबेलमध्ये जे बिघडलं, त्याची दुरुस्तीच म्हणायची!

पुढे १६७९ मध्ये अथानासियस किर्चर या जेझुइट विद्वानाने बाबेलवर सचित्र ग्रंथ काढला आणि त्यात आपल्यासारखी आकडेमोड केली. बुरूज चंद्रापर्यंत न्यायचा तर काय होईल? त्याचं उत्तर : जमणार नाही. एवढ्या वजनाने पृथ्वी विश्वाच्या मध्यावरून सरकेल! पृथ्वी मध्यावर आहे हे गृहीतक चुकलं, पण फीजिबिलिटी रिपोर्ट मात्र त्याने मन लावून केला.

मग खरा बुरूज होता का? जर्मन पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट कोल्डेवाय याने १८९९ पासून बॅबिलॉनमध्ये उत्खनन केलं. त्यात एटेमेनान्की या मंदिर-मनोऱ्याचा पाया मिळाला. प्रत्येक बाजू साधारण ९१ मीटर. पाया चौकोनी होता आणि भाजलेल्या विटांच्या बांधकामात डांबर वापरलेलं होतं. म्हणजे मटेरियलच्या बाबतीत मजकूर बरोबर निघाला. पण आपल्या डोळ्यांसमोर मात्र आजही ब्रूगेलचा गोल बुरूजच येतो. चित्र एवढं प्रभावी ठरलं, की त्याने मजकुरातली रिकामी जागा कायमची भरून टाकली.

१९२७ च्या 'मेट्रोपोलिस' या जर्मन मूकपटातही बाबेलची गोष्ट आहे, आणि मला ती जास्त बोचते. तिथे भाषा सगळ्यांची एकच असते. तरी बुरुजाची कल्पना करणारे आणि त्याचे दगड ओढणारे यांना एकमेकांचं कळत नाही. देवाला काही करावंच लागत नाही.

मित्रांनो, दोन-तीन वर्षांत आपल्यातले कितीतरी जण साइटवर असतील. ड्रॉइंग इंग्रजीत, आपण मराठी-हिंदीत, मिस्त्री राजस्थानचा, बिगारी बिहारचा. शब्द कसेतरी पोचतात. पण सळया इतक्याच अंतरावर का बांधायच्या, हे सांगायला कोण थांबतं? आणि ही कमान टिकणार नाही असं मिस्त्री म्हणाला, तर ते ऐकून घ्यायला?

ब्रूगेलचं चित्र कॉम्प्युटरवर मोठं करून जरूर बघा. डावीकडे खाली राजा साइट व्हिजिटला आलाय आणि पाथरवट त्याच्यापुढे गुडघे टेकताहेत. मागे बुरूज कललाय, आणि त्याला ते सांगायला कोणीच उभं नाही.

– तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी